छोट्या महाविद्यालयांचा बास्केटबॉल हंगाम: कॉन्फरन्सची चर्चा मुद्देसूद कशी करावी

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तिसऱ्या विभागात, ज्याला सगळे ‘डी-थ्री’ म्हणतात, चारशेहून अधिक महाविद्यालये बास्केटबॉल खेळतात आणि त्यांतील एकही महाविद्यालय खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. अमेरिकेतील वृत्तपत्रे या सामन्यांवर फारसे लिहीत नाहीत, दूरचित्रवाणीवर ते क्वचितच दिसतात आणि म्हणून हंगामाचा अर्थ लावण्याचे काम चाहत्यांवरच येते. हे चाहते म्हणजे बहुतांशी माजी विद्यार्थी, खेळाडूंचे आईवडील आणि महाविद्यालयाच्या गावातील जुने प्रेक्षक. त्यांच्यापाशी जिव्हाळा भरपूर असतो, माहितीही असते. तरीही फेब्रुवारी उजाडला की चर्चा ‘आमचा संघ सरस, तुमचा नशीबवान’ याच वळणावर येते. ती तिथे अडकू नये यासाठी काय पाहावे, केव्हा पाहावे आणि कशावर वेळ घालवू नये, हे पुढे मांडले आहे. उदाहरणे पुरुषांच्या स्पर्धेतील आहेत. महिलांच्या सामन्यात वीस मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी दहा मिनिटांची चार सत्रे असतात. पाहण्याची पद्धत मात्र तीच.

आधी वेळापत्रकाची बांधणी

एकाच निकालाचे वजन दोन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी आपसांत साखळी खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या दोन गटांमध्ये, सारखे नसते, त्यामुळे आपल्या कॉन्फरन्सचे वेळापत्रक कसे बांधले आहे हे सर्वांत आधी जाणून घ्यावे. न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधील अकरा महाविद्यालयांच्या नेस्कॅकमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळतो, म्हणजे कॉन्फरन्सचे सामने अवघे १०. तिथे विल्यम्ससारख्या तगड्या संघाविरुद्धचा सामना यंदा घरी आहे की परगावी, एवढ्या एका गोष्टीने गुणतक्त्यातील जागा बदलू शकते, आणि हरलेल्याला परतफेडीची संधी मिळालीच तर ती थेट बाद फेरीत मिळते. विस्कॉन्सिनच्या डब्ल्यूआयएसीमध्ये राज्य विद्यापीठाचे आठ संघ दुहेरी साखळी पद्धतीने १४ सामने खेळतात. प्रत्येक प्रतिस्पर्धी एकदा घरी आणि एकदा परगावी भेटत असल्याने तिथला तक्ता अधिक खरे बोलतो.

यूएएची तऱ्हा आणखी निराळी आहे. शिकागो, एमरी, न्यूयॉर्क विद्यापीठ, सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ अशा एकमेकांपासून दूर असलेल्या आठ संस्थांची ही कॉन्फरन्स १४ सामन्यांची दुहेरी साखळी खेळते, पण शेवटी कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा भरवतच नाही. साखळीत पहिला आलेला संघच राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. त्यामुळे जानेवारीत गमावलेला सामना फेब्रुवारीच्या अखेरीस तीन दिवसांच्या पराक्रमाने भरून काढण्याची सोय तिथे नाही. यूएएचा चाहता जानेवारीतच हवालदिल झालेला दिसला तर त्याला उतावळा म्हणू नये.

याच बैठकीत बरोबरी सोडवण्याचा नियमही वाचून ठेवावा. बहुतेक ठिकाणी आधी दोघांमधील सामन्याचा निकाल पाहतात, पण तीन संघ बरोबरीत आले की पुढची पायरी प्रत्येक कॉन्फरन्सची वेगळी असते. हा नियम हंगामाच्या शेवटच्या शनिवारी रात्री शोधायला बसणाऱ्यांमुळेच निम्मे वाद होतात.

डिसेंबरपर्यंतचे निकाल आणि एनपीआय

नियमित हंगाम साधारण २५ सामन्यांचा असतो. त्यांतील कॉन्फरन्सबाहेरचे सामने मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात, मधल्या परीक्षांमुळे काही दिवस खेळ थांबतो, आणि चाहते या सगळ्याला सराव समजून सोडून देतात. प्रत्यक्षात मार्चमध्ये आपल्या कॉन्फरन्समधून किती संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाणार, याचा मोठा भाग याच काळात ठरून गेलेला असतो.

त्याचे कारण निवडीच्या पद्धतीत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात आणि चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्स विजेत्यांना थेट मिळतात. उरलेल्या जागा २०२४-२५ च्या हंगामापासून एनपीआय या निर्देशांकाच्या क्रमानुसार भरल्या जातात. या निर्देशांकात प्रत्येक सामन्याचे मोल निकालावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्वतःच्या निर्देशांकावर ठरते, सामना घरी झाला की परगावी याचा हिशेब होतो आणि तगड्या संघाला हरवल्याचे जादा श्रेय मिळते. किती गुणांच्या फरकाने जिंकलो याला मात्र काहीच किंमत नाही. शिवाय किमान ठरावीक विजय झाल्यानंतर, दुबळ्या संघावरील जो विजय सरासरी खाली ओढेल तो गणतीतून वगळला जातो. म्हणून ‘आम्ही ४० गुणांनी जिंकलो’ हा मुद्दा निवडीच्या चर्चेत आणू नये, आणि ‘त्या लिंबूटिंबू संघाशी खेळून आमचे नुकसान झाले’ ही तक्रार करण्यापूर्वी तो सामना मोजला गेला आहे का ते पाहावे. नुकसान खरे होते ते अशा संघाकडून हरल्याने.

आता मुख्य गोष्ट. कॉन्फरन्सचे सामने सुरू झाले की एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो. आपसांत खेळून सगळ्यांचा निर्देशांक एकदम वर जाऊ शकत नाही. कॉन्फरन्सची एकूण पत बाहेरच्या निकालांवर ठरते आणि ती डिसेंबरअखेर जवळपास गोठते. यावरून चाहत्याने करायचे काम साधे आहे: नाताळच्या सुट्टीपर्यंत कट्टर प्रतिस्पर्ध्याच्याही बाहेरच्या विजयाचे स्वागत करावे. मिशिगनमध्ये एकाच कॉन्फरन्समधील होप आणि कॅल्व्हिन या महाविद्यालयांचे वैर १९२० पासून चालत आले आहे, पण होपने नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या एखाद्या बलाढ्य संघाला हरवले तर त्याचा लाभ फेब्रुवारीत कॅल्व्हिनलाही पोहोचतो. हे होपच्या प्रेक्षकांसमोर कबूल करण्याची सक्ती अर्थातच कोणावर नाही.

डीथ्रीहूप्स या संकेतस्थळाचा साप्ताहिक अव्वल पंचवीस संघांचा क्रम वाचायला रंजक असतो, मात्र तो मतदानाने ठरतो आणि निवडीत त्याचे स्थान नाही. तेवढ्यापुरता तो पाहावा आणि पुढे जावे.

जानेवारीतील तक्ता

जानेवारीच्या मध्यावर तक्ता वाचताना विजयांपेक्षा पराभवांचा रकाना आधी पाहावा, कारण न खेळलेला सामना अजून जिंकता येतो, हरलेला परत येत नाही. त्यानंतर प्रत्येक संघाचे उरलेले सामने घरचे आणि परगावचे असे वेगळे मांडावेत. ४–१ असा संघ चारही विजय घरी मिळवून बसला असेल आणि पुढचे चार सामने परगावी असतील, तर ३–२ असलेला पण खडतर दौरे उरकून आलेला संघ प्रत्यक्षात त्याच्यापुढे असू शकतो.

नेस्कॅकमध्ये सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ होतात. शुक्रवारी रात्री कोल्बी महाविद्यालयाशी खेळून दुसऱ्या दिवशी जवळच्याच बोडनच्या मैदानावर उतरणाऱ्या पाहुण्या संघाचे पाच प्रमुख खेळाडू आदल्या रात्री प्रत्येकी ३५ मिनिटे पळालेले असतील, तर शनिवारच्या उत्तरार्धात त्यांच्या दूरच्या फेकी तोकड्या पडू लागतात. अशा वेळी ‘दुसऱ्या सत्रात कच खाल्ली’ असे लिहिण्याआधी शुक्रवारच्या नोंदपत्रकातील मिनिटांचा रकाना उघडावा. राखीव खेळाडूंची फळी किती भक्कम आहे हा विषय चाहते फार मोघमपणे मांडतात, आणि त्याचा पुरावा मात्र याच एका रकान्यात असतो.

नोंदपत्रक वाचताना गती बाजूला काढा

२० नोव्हेंबर २०१२ रोजी आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. त्याने १०८ फेकी केल्या, त्यांतील ७१ तीन गुणांच्या रेषेबाहेरून होत्या, आणि ग्रिनेलने सामना १७९–१०४ असा जिंकला. हरलेल्या संघातील डेव्हिड लार्सननेही त्याच सामन्यात ७० गुण केले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. ग्रिनेलची पद्धतच अशी की पाच-पाच खेळाडूंची तुकडी काही क्षणांत बदलायची, सगळीकडे दबाव टाकायचा आणि चेंडू हाती येताच फेकायचा. अशा सामन्यातील गुणांची तुलना संथ खेळणाऱ्या संघाच्या गुणांशी करण्यात काही अर्थ नाही. ‘आमचा संघ सामन्यामागे ८४ गुण करतो’ या वाक्यातून संघ चांगला आहे की केवळ घाईत आहे, हे समजत नाही.

यावरचा उपाय म्हणजे चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला हे मोजणे. एकूण फेकींतून आक्रमक रिबाउंड (आपल्याच संघाची हुकलेली फेक पुन्हा हाती घेणे) वजा करावेत, टर्नओव्हर (फेक न करताच चेंडू गमावणे) मिळवावेत आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून तेही मिळवावेत. समजा, एका संघाने ६२ फेकी केल्या, १० आक्रमक रिबाउंड घेतले, १३ वेळा चेंडू गमावला आणि १८ फ्री थ्रो घेतले. हिशेब ७३.५५, म्हणजे साधारण ७४ ताबे, असा येतो. त्या संघाचे ७८ गुण झाले असतील तर शंभर ताब्यांमागे सुमारे १०६ गुण पडले. दोन्ही संघांना जवळपास सारखेच ताबे मिळतात, तेव्हा ७१ गुण केलेल्या प्रतिस्पर्ध्याचा आकडा ९६ च्या आसपास येईल. या दोन आकड्यांमधील अंतर सगळ्या कॉन्फरन्स सामन्यांसाठी काढले, की तक्त्यात न दिसणारी बरीच माहिती हाती लागते.

नेमबाजीसाठी साध्या टक्केवारीवर थांबू नये. वरच्याच संघाने ६२ पैकी २७ फेकी बास्केटमध्ये घातल्या असतील तर टक्केवारी ४३.५ दिसते, पण त्यांतील ८ तीन गुणांच्या असतील तर त्यांचे निम्मे, म्हणजे ४, यशस्वी फेकींत मिळवून ३१ ला ६२ ने भागावे. उत्तर ५० टक्के येते आणि तेच खरे चित्र आहे. याच्या जोडीला टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो रेषेवर किती वेळा जाता आले, एवढे पाहिले तरी बहुतेक पराभवांचे कारण सापडते. प्रशिक्षकाच्या टाइमआउटवर तीन परिच्छेद लिहिण्याची गरज त्यानंतर क्वचितच उरते.

दोन-तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. २०१४ चा राष्ट्रीय अंतिम सामना डब्ल्यूआयएसीच्या व्हाइटवॉटरने विल्यम्सविरुद्ध ७५–७३ असा अखेरच्या क्षणी जिंकला; पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये मायामी हीटकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन त्या विल्यम्स संघात नवखा होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात क्रिस्टोफर न्यूपोर्ट विद्यापीठाने माउंट युनियन विद्यापीठाला ७४–७२ असेच शेवटच्या फेकीवर हरवले. या निकालांवरून हरलेला संघ कमी दर्जाचा होता असे कोणी म्हणणार नाही. तोच न्याय कॉन्फरन्सच्या सामन्याला लावावा. पाच निसटते विजय मिळवणाऱ्या संघाचे कौतुक जरूर करावे, पण सहावाही तसाच मिळेल यावर पैज लावू नये.

खेळाडूंविषयी लिहिताना

हे खेळाडू शिष्यवृत्तीवर खेळत नाहीत, शनिवारच्या सामन्यानंतर सोमवारी प्रयोगशाळेत हजर असतात, आणि तुमचा मजकूर वाचणाऱ्यांत त्यांचे आईवडील असण्याची शक्यता दाट असते. डावपेच, वेळापत्रक, निवडीचे नियम यांवर कठोर बोलावे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या चुकलेल्या फ्री थ्रोवर नावानिशी बोलू नये. एखादा खेळाडू अचानक दिसेनासा झाला तर दुखापत, अभ्यास किंवा घरचे कारण याविषयी तर्क लढवू नयेत. ‘तो तीन सामने खेळलेला नाही’ एवढे विधान चर्चेला पुरते.

बाद फेरीचा आठवडा

फेब्रुवारीच्या अखेरीस कॉन्फरन्स स्पर्धा सुरू होण्यापूर्वी कागदावर तीन गट पाडावेत: हरले तरी निर्देशांकाच्या जोरावर आत जाणारे, थेट जागेवाचून आशा नसलेले, आणि मधले. सर्वांत जास्त चर्चा मधल्यांची होते आणि त्यांचे भवितव्य बऱ्याचदा दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये ठरते. कुठेतरी अव्वल संघ अंतिम फेरीत अनपेक्षितपणे हरला, की तिथला विजेता थेट जागा घेतो, हरलेला अव्वल संघ निर्देशांकाने आत येतो आणि मधल्यांसाठीची एक जागा कमी होते. म्हणून आपला संघ काठावर असेल तर त्या शनिवारी इतर कॉन्फरन्समधील बलाढ्य संघांच्या विजयाची इच्छा धरावी. दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची हौस एक आठवडा आवरावी लागते.

जोड्या जाहीर झाल्यावर मानांकनाइतकाच प्रवासाचा विचार करावा. डी-थ्रीमध्ये विमानखर्च वाचवण्यासाठी जवळच्या संघांना एकत्र आणले जाते, त्यामुळे एका भागात तगड्या संघांची गर्दी आणि दुसरीकडे तुलनेने मोकळी वाट असे घडते. सुरुवातीचे सामने यजमान महाविद्यालयाच्याच मैदानावर होतात, तेव्हा यजमानपद कोणाला मिळाले हे प्रतिस्पर्ध्याच्या नावाआधी पाहावे. २०२५ मध्ये नेस्कॅकच्या ट्रिनिटीने यूएएच्या न्यूयॉर्क विद्यापीठाला ६४–६० असे हरवून विजेतेपद मिळवले. एकीकडे १० सामन्यांची साखळी, दुसरीकडे १४ सामन्यांची आणि बाद फेरीविना. कोणती रचना मार्चसाठी संघ चांगला घडवते यावर वाद घालायचा असेल तर एका अंतिम सामन्यावरून तो सुटणार नाही, निदान दहा वर्षांचे निकाल समोर ठेवावे लागतील.

हंगाम संपल्यावर लगेच, नोंदी हाताशी असतानाच, प्रत्येक संघाच्या एकूण मिनिटांपैकी किती मिनिटे शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनी खेळली याची बेरीज करून ठेवावी आणि त्याशेजारी गुण व आक्रमक रिबाउंड यांतील त्यांचा वाटा लिहावा. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकांचे हंगामपूर्व अंदाज जाहीर होतात तेव्हा हा कागद काढावा आणि आपला अंदाज त्यावरून लिहावा.