कोहाच्या मॅन्युअलला हातभार लावायचाय?
ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं काम सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याचं मॅन्युअल लिहायला जरूर मदत करा. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि मॅन्युअल मागे पडतं. देवघेवीच्या काउंटरवर तुम्ही रोज जे करता, त्याचंच एक पान निवडा. चाचणीसाठीच्या कोहावर त्यातली प्रत्येक पायरी स्वतः करून बघा. बटणाचं नाव बदललंय, एखादी सेटिंग आधी चालू करावी लागते हे लिहिलेलंच नाही, असं काही सापडलं की तेवढंच दुरुस्त करा. काउंटरवरच्या माणसाला या चुका पटकन दिसतात. मॅन्युअलचा मजकूर गिटलॅब या फाइली मिळून संपादित करण्याच्या संकेतस्थळावर साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असतो. स्क्रीनशॉटमध्ये मात्र खऱ्या वाचकांची नावं, फोन नंबर अजिबात येऊ देऊ नका.