कंपवात आणि लैंगिक अडचण: उपचाराची सुरुवात कुठून करावी

कंपवाताच्या तपासणीला आलेला पुरुष थरथर, चाल, बद्धकोष्ठता असे सगळे सांगतो आणि फाईल काखेत घेऊन दाराशी पोहोचल्यावर पत्नीला पुढे जाऊ देत हळूच म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." लैंगिक अडचणीचा हा प्रश्न खुर्चीत बसूनच आणि शक्य असल्यास पत्नीसमोरच विचारावा. मेंदूतले डोपामीन हे रसायन कमी झाल्याने लैंगिक इच्छा मंदावते आणि रक्तवाहिन्यांचे नियमन करणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम झाल्याने लिंगाची ताठरता टिकत नाही, म्हणजेच ही अडचण आजाराचाच भाग असू शकते.

डॉक्टरांकडे जाताना मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेट, नैराश्य अशा सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, कारण त्यांतील काही ताठरता किंवा वीर्यस्खलन बिघडवतात. मात्र कोणतीही गोळी, विशेषतः कंपवाताचे मुख्य औषध लेव्होडोपा, स्वतःहून बंद करू नये.

सिल्डेनाफिल ही ताठरतेसाठीची गोळी मागण्यापूर्वी रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर 3 मिनिटांनी मोजून घ्यावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर या गोळीने तो आणखी खाली जाऊन भोवळ येऊ शकते, आणि छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने तर ती घेऊच नये. डॉक्टरांनी दिलीच, तर साधारण तासभर आधी घ्यावी. तेलकट जेवणावर तिचा परिणाम उशिरा दिसतो आणि मनात इच्छा नसेल तर ती एकटी काहीच करत नाही.

वेळेचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपल्यावरच एकांत मिळतो, पण नेमके तेव्हा औषधाचा जोर ओसरून अंग आखडलेले असते. म्हणून आठवडाभर कालनिर्णयच्या पानावर गोळीची वेळ आणि अंग मोकळे वाटण्याचे तास लिहावेत, आणि दोघांनी मिळून मुले कामाला गेल्यानंतरची सकाळ निवडावी. कुशीवर झोपून जवळ येणे कमी श्रमाचे असते.

याउलट प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही कंपवाताची औषधे सुरू झाल्यावर इच्छा अनावर झाली, तर तो नवऱ्याच्या स्वभावाचा दोष नसून औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. पत्नीने तो मुकाट सोसू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे, म्हणजे ते औषध कमी करू शकतील.

परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात मेंदूविकार विभाग आहेत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतले चूर्ण घेऊ नये, कारण अशा पदार्थांत सिल्डेनाफिल न सांगता मिसळल्याचे आढळलेले आहे. आधीच घेतले असेल तर ती पुडीही पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावी.