खरबूज चिरण्याआधी ब्रशने घासा

मंडईतून आणलेलं खरबूज आपण वरवर पाणी मारून चिरतो. त्याच्या जाळीदार सालीत अडकलेल्या मातीत लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो, आणि सुरी तो थेट गरात नेते. २०११ साली अमेरिकेत अशाच खरबुजांमुळे तीसहून जास्त माणसं दगावली.

१. अख्खं फळ वाहत्या नळाखाली स्वच्छ ब्रशने घासा. देठाच्या खोबणीत काळी माती हमखास सापडते. साबण नको, सालीत मुरतो.
२. धुतलेल्या फडक्याने कोरडं करून मगच चिरा.
३. उरलेल्या फोडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

फ्रिजवर मात्र विसंबू नका, हा जिवाणू ४ अंशांनाही हळूहळू वाढतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिला ताज्याच फोडी द्या, गाडीवरच्या चिरून ठेवलेल्या अजिबात नकोत. लागण झाली तर आईला नुसती कणकण वाटते, पण बाळ दगावू शकतं.