ॲनिलिन हाताळताना या चुका टाळा, आणि आधी बूट बघा

रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. नवीन पोरं अजून त्याच चुका करतात, सांगून सांगून घसा बसला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मास्क लावला की झालं असं समजणं. अरे बाबा, ॲनिलिन, म्हणजे रंग बनवायचं कच्चं रसायन, तेलकट असतं, कातडीतून सरळ आत जातं. ॲसिड उडालं तर माणूस बोंबलत नळाकडे धावतो, हे उडालं तर पॅन्टला पुसतो आणि कामाला लागतो.

आमच्याकडे एक बदली कामगार होता, ड्रममधून पंपाने माल काढताना पाईप निसटला आणि उजव्या बुटावर सांडलं. हात धुतले, शर्ट बदलला, बूट मात्र तेच, कारण घरी काय अनवाणी जाणार? दुपारी डोकं दुखतंय म्हणाला, आम्ही म्हटलं ऊन आहे, चहा घे. सुटल्यावर ठाण्याहून लोकल पकडली, माझ्यासमोरच उभा होता आणि ओठ निळे-जांभळे. मला वाटलं रंग लागलाय, आमच्यात कोण रंगलेलं नसायचं, म्हणून रुमाल ओला करून दिला. पुसून जाईना तेव्हा नखं बघितली, तीही तशीच! मुलुंडला उतरवला, रिक्षा, हॉस्पिटल. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली तर ८५ टक्के, ऑक्सिजन दिला तरी तिथेच, आणि रक्त काढलं तर चॉकलेटी. ॲनिलिनमुळे हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, क्लिपचा आकडाही भरवशाचा राहत नाही. मी केमिकलचं नाव सांगितलं तेव्हा कुठे डॉक्टरांनी शिरेतून मिथिलीन ब्लू दिलं. निळा पडलेल्या माणसाला निळाच रंग टोचतात, काय बोलणार. (रक्तातलं जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असेल तर हेच औषध उलटतं, माहीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.) आणि बूट? नर्सने काढायला लावेपर्यंत पायातच होता, मोजा चिंब.

तेव्हापासून माझ्या लॉकरमध्ये जुन्या स्लीपर कायम. सांडलं की कपडे, मोजे, बूट सगळं उतरवायचं, मग भरपूर पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं तरी, नखांखाली, बोटांच्या बेचक्यात सुद्धा. स्पिरिट-थिनरने पुसायचा शहाणपणा नको. चामड्याचे बूट सरळ बाद करायचे, धुऊन वाळवून परत घालणारे महाभाग मी बघितलेत. आमचा तो पठ्ठ्या चौथ्या दिवशी कामावर आला आणि पहिला प्रश्न काय, माझे बूट कुठे टाकले?

डॉक्टरवाले पातळ ग्लोव्हज यात टिकत नाहीत. ब्यूटाइल रबरचे घ्या, महाग आहेत, माहितीय.

शिफ्ट सुटल्यावर बसायची घाई असते ना, त्यांना एवढंच, दारूने याचा त्रास वाढतो आणि लक्षणं काही तासांनी दिसतात, म्हणजे नेमकी बारमध्ये.

ॲनिलिनपासून रंग बनवताना मधे जे डायझो तयार होतं, त्याचा गाळ वाळू देऊ नका, सुकला की स्फोट होतो. बर्फ संपला म्हणून ती प्रक्रिया ५ डिग्रीच्या वर पळवायची पण नाही.

बेंझिडीन हे रंगाचंच दुसरं रसायन; एखादा जुना माणूस ‘आम्ही बेंझिडीन हाताने ढवळलं, काय झालं?’ म्हणाला तर ऐकू नका. मूत्राशयाचा कॅन्सर वीस-वीस वर्षांनी उगवतो. जर्मनीतल्या रेन नावाच्या सर्जनने रंग कामगारांमधला हा आजार १८९५ लाच दाखवून दिला होता. आणि ड्रमच्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, त्या दिवशी मी सोबत नसतो तर डॉक्टरांना नाव कोणी सांगितलं असतं?