गॉलवेत कच्ची कालवं आणि काळी बियर: काय मागवायचं, कसं खायचं

आयर्लंडला कुणी पाव्हणे आले की गॉलवेच्या छोट्या सीफूड हॉटेलात घेऊन जातो आणि तिथे प्रश्न ठरलेला, "अरे कालवं कच्ची खायची?" हो, कच्चीच, आणि सोबत स्टाऊट, म्हणजे काळी बियर.

आधी बियर सांगून ठेवा, कारण गिनेस ही इथली स्टाऊट ड्राफ्ट, म्हणजे नळावरची, असली की दोन टप्प्यांत भरतात, मधे फेस बसायला वेळ देतात, मग ती येईपर्यंत कालवं येतात. काळी म्हणजे जड असं आपल्याकडे वाटतं पण ही जेमतेम 4.2 टक्के, नायट्रोजनमुळे फक्त मऊ लागते. भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडवटपणा असतो आणि कालवाच्या खारटपणाने तो कडवटपणा खाली बसतो, सगळी गंमत एवढीच आहे.

मग विचारा की कालवं कुठल्या जातीची, नेटिव्ह आहेत का गिगास. नेटिव्ह चपटी गोल, चव जरा तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी, सप्टेंबर ते एप्रिलच मिळतात (इंग्रजीत म्हणतात नावात आर असलेले महिने, गंमत म्हणजे मराठी नावांतही र तेवढ्याच महिन्यांत आहे, तपासून बघा). ह्यांच्यासोबत गिनेसच. गिगास लांबट, खोलगट, चवीला सौम्य आणि वर्षभर मिळतात, त्यांच्याबरोबर मला कॉर्क शहरातली मर्फीज स्टाऊट जास्त आवडते, ती कमी कडू असते. कडक इम्पिरियल स्टाऊट किंवा गोड मिल्क स्टाऊट कच्च्या कालवांबरोबर अजिबात नको, कालव कुठे गेलं तेच कळत नाही, चीज-ब्रेडक्रम्ब्ज घालून भाजलेली असतील तर चालेल.

पहिल्यांदा सहाच मागवा. शिंपल्यात पाणी हवं, वास समुद्राचा हवा, कोरडं पडलेलं किंवा वास मारणारं कालव सरळ परत द्या, लाजू नका. पाण्यासकट तोंडात घ्या, दोनतीनदा चावा (गिळू नका हो, मग चव कसली कळणार) आणि मग बियरचा एक मोठा घोट. लिंबू दोन थेंब. टबॅस्को हा मिरचीचा सॉस माझ्या मते नकोच, तिखट आणि कडू मिळून सगळा घोळ होतो. गरोदर बायका, लिव्हरचा त्रास असणारे, ह्यांनी कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि हे बघून घरी मालवणच्या खडकावरची कालवं कच्ची खायला जाऊ नका प्लीज. कालव पाणी गाळून जगतं, पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. इथे पाणी तपासून किनाऱ्याचे ए, बी, सी वर्ग ठरवतात, बी वाल्यातली कालवं आधी स्वच्छ पाण्यात ठेवून मगच कच्ची विकतात. आपल्याकडची ओलं खोबरं घालून सुकी करा, आईच्या हातची असली तर अजून काही नको.

सोबत ब्राऊन ब्रेड येतो, त्याला लोणी जाड लावा, कमी पडलं तर अजून मागा, देतात.