त्रामुंताना डोंगररांगेत फिरताना या चुका टाळा

स्पेनच्या मायोर्का बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत सुमारे ९० किलोमीटर पसरलेली सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, ती मुख्यत्वे माणसाने शतकानुशतके घडवलेला डोंगर म्हणून. पायऱ्यापायऱ्यांची शेते, पाण्याचे पाट, कोळसा पाडणाऱ्यांच्या गोल भट्ट्यांच्या जागा, बर्फ साठवण्याची दगडी घरे हे सारे तिथे जंगलाइतकेच महत्त्वाचे आहे. पर्यटकांच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यानेच होतात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे वळणाची वाट टाळण्यासाठी शेताच्या बांधावरून खाली उतरणे. हे बांध आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे, चुना-माती न वापरता रचलेले असतात आणि दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी झिरपून जात असल्यामुळेच ते टिकतात. पाय ठेवताच वरचा एखादा दगड निखळतो, तिथून पाणी वाट काढते आणि पुढच्या मोठ्या पावसात बांधासकट मागची माती खाली येते. तो पुन्हा रचायला जाणता कारागीर लागतो. या कौशल्याला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाचा दर्जाही दिला आहे.

दुसरा गैरसमज असा, की संरक्षित क्षेत्र म्हणजे सरकारी जमीन. इथली बहुतांश जमीन खासगी आहे. वाटेतले फाटक ओलांडल्यावर ते जसे होते तसेच उघडे किंवा बंद ठेवावे, नाहीतर मेंढ्या भलतीकडे जातात. बेटावरचे सर्वांत उंच शिखर, पुइग माजोर, लष्करी क्षेत्र असल्याने तिथे चढता येत नाही. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून निघणाऱ्यांना परतावे लागते.

तोरेंत दे पारेइस या घळीबाबत मात्र निष्काळजीपणा अजिबात परवडत नाही. एस्कोर्काहून समुद्रापर्यंत उतरणारी ही वाट म्हणजे प्रवाहाचे कोरडे पात्रच आहे. आदल्या दिवशी वरच्या भागात पाऊस पडला असेल, तर खाली आकाश निरभ्र असले तरी गुळगुळीत चुनखडीचे धोंडे निसरडे होतात, डोह भरतात आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमुळे मध्येच बाहेर पडायला जागा नसते. अंदाज अनुकूल नसेल तर बेत रद्द करावा, यात तडजोड नको. घळीत मोबाइलला रेंज मिळेल, हे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी कोणाला तरी वेळ सांगून ठेवावी. अडचणीत ११२ हा क्रमांक चालतो. शेवटी किनाऱ्यावरच्या सा कालोब्राला पोहोचल्यावर परतायचे कसे, हेही आधीच ठरवावे, कारण सोयेर बंदराकडची बोट समुद्र खवळला की बंद राहते.

उन्हाने तापल्यावर वाटेतल्या एखाद्या डोहात पाय बुडवण्याचा मोह होतोच. पण अशाच काही पाणवठ्यांत फक्त मायोर्कातच सापडणारा फेरेरेट हा चिमुकला बेडूक राहतो. तो आधी जीवाश्मांवरूनच ओळखला गेला आणि १९८० च्या सुमारास जिवंत सापडला. पुढे बुरशीच्या रोगाने त्याच्या काही पाणवठ्यांवर संकट आले आणि शास्त्रज्ञांना बेडूकमाशांवर औषधोपचार करून, डोह रिकामे करून ते निर्जंतुक करावे लागले. बुटांना लागलेला ओला चिखल एका डोहातून दुसऱ्यात नेणे, हे त्यामुळेच साधे राहत नाही. पिण्याचे पाणी तर सोबतच न्यावे. चुनखडीचा डोंगर पावसाचे पाणी पोटात गिळतो आणि उन्हाळ्यात ओढ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

सा कालोब्राचा रस्ता अंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने आखला. तो इतका नागमोडी आहे, की एका वळणावर स्वतःखालूनच जातो. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसणाऱ्या भारतीय चालकाने पहिला प्रयोग इथे करू नये. बसगाड्या समोरून येतात आणि मागे घ्यायला जागा तोकडी असते.

१ मे ते १५ ऑक्टोबर या काळात रानात आणि रानालगत आग पेटवण्यास मनाई असते. गुडघ्याएवढे वाळके गवत पाहिले की कारण विचारावे लागत नाही.