ओढ्यातले जीव मोजताना: चाळीस मुलं, आठ ट्रे, अर्धा दिवस

बसमधून उतरलेल्या मुलांना आधी तासभर माहिती सांगायची आणि मग ओढा दाखवायचा, असा शिरस्ता बऱ्याच निसर्ग शिक्षण केंद्रांत असतो. तो उलटा करा. आधी पाणी, मग बोलणं. ट्रेमध्ये काहीतरी वळवळताना दिसलं की मुलं स्वतःच विचारत सुटतात.

सह्याद्रीतल्या ओढ्यांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. पावसाळ्यात मुळीच नको; खाली ऊन असताना वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा येतो. एरवीही पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर सगळ्यांना तडक वर काढा. मोजणी अर्धवट राहिली तरी चालेल. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवा. पाणी मुलांच्या गुडघ्याखालीच असावं. पायात चपला नकोत, त्या शेवाळावर घसरतात आणि वाहूनही जातात. जुने कॅनव्हासचे बूट चांगले. पायाला जखम असलेल्या मुलाकडे काठावर बसून नोंदी घेण्याचं काम द्या, कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू जखमेतून शिरतात.

पाच-पाच मुलांचे आठ गट करा. चार गट पाण्यात, चार काठावर, मग अदलाबदल. पाण्यातल्या प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवंच. गटाला लागतं ते इतकंच: मैदा चाळायची बारीक चाळणी, पांढरा ट्रे, दोन वाट्या, प्लास्टिकचा चमचा, रंगकामाचा मऊ ब्रश आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. मच्छरदाणीचं जाळं वापरू नका, त्याच्या भोकांतून बारीक अळ्या निसटतात. ट्रे पांढराच हवा. निळ्या किंवा हिरव्या ट्रेमध्ये अर्धे जीव दिसतच नाहीत.

खळाळत्या, उथळ जागी एकाने चाळणी तळाला टेकवून धरायची, तोंड प्रवाहाकडे. दुसऱ्याने तिच्या वरच्या अंगाला फूटभर जागेतले दगड पायाने एक मिनिट ढवळायचे. सुटलेले जीव वाहत चाळणीत येतात. ते दोन सेंटिमीटर पाणी घातलेल्या ट्रेमध्ये उलटवा आणि दोन मिनिटं ट्रेला हात लावू नका. गाळ बसला की हालचाल दिसू लागते. असंच डोहाच्या कडेला आणि काठच्या गवतातही करा. उचललेला दगड त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. खालच्या बाजूला बहुतेक कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.

भिंगातून बघा: पोटाच्या दोन्ही कडांना पिसासारखे कल्ले फडफडताहेत आणि मागे बहुधा तीन शेपट्या, म्हणजे मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाचं पाण्यात वाढणारं पिल्लू. वाळूच्या कणांची नळी पाठीवर घेऊन चालणारी, ती कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी. हे दोन्ही भरपूर मिळाले तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्याच तेवढ्या सापडल्या तर सांडपाण्याचा संशय घ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात.

मोजताना डोकी नाही, प्रकार मोजायचे. लाल अळ्या तीस असल्या तरी प्रकार एकच. सांडपाण्याचा नाला ओढ्याला मिळतो तिथे वरच्या आणि खालच्या पाण्याची तुलना करायची असेल तर खालचा नमुना मोठ्यांनीच बादलीत काढून आणावा, मुलांना त्या पाण्यात उतरवू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ट्रेमध्ये. उन्हात ठेवला की पाणी तापतं, प्राणवायू घटतो आणि जीव मरतात. सावलीत ठेवा, दर दहा मिनिटांनी पाणी बदला. चतुराचं पिल्लू वेगळ्या वाटीत काढा, नाहीतर मोजणी संपेपर्यंत ते मेफ्लाय खाऊन टाकतं. मुलांच्या हाताला डास पळवणारं मलम नको. पाणविंचू दिसला तर चमच्यानेच उचला, तो चावतो.

काठावरच्या गटांनी प्रवाह मोजायचा. सरळ दहा मीटर पट्ट्यात संत्रं सोडा. ते बरंचसं बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही. पंचवीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ ने गुणा. रुंदी २ मीटर आणि पाच ठिकाणी मोजलेली सरासरी खोली १५ सेंटिमीटर धरली, तर वेग, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार येतो सेकंदाला सुमारे १०२ लिटर पाणी. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा सेकंदांत भरेल! हा आकडा फळ्यावर लिहू नका, मुलांनाच काढू द्या.

एका फेरीवरून ओढ्याला चांगलं-वाईट ठरवू नका. पुरानंतर स्वच्छ ओढाही जवळजवळ रिकामा मिळतो. त्याच जागी फेब्रुवारीत पुन्हा या.

जीव जिथून काढले तिथेच सोडा, सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घ्या आणि मगच डबे उघडू द्या. चाळण्या दुसऱ्या ओढ्यावर नेण्याआधी उन्हात खडखडीत वाळवा. जाळीला चिकटलेली गोगलगायीची अंडी ओल्या चाळणीतून सहज प्रवास करतात.